घरी इराणची मुलगी पेइंग गेस्ट आहे, नवरोज कसा करू? आणि मुंबईत तिची माणसं कुठे भेटतील?

पार्ल्याची काकू

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे पण वाचा प्लीज. आमच्याकडे पार्ल्यात गेल्या पावसाळ्यापासून एक इराणी मुलगी पेइंग गेस्ट म्हणून राहतेय. एमएससी करायला आलीय, गाव यझद. परदेशी माणूस घरात ठेवला की जी ऑनलाइन नोंद करावी लागते ती मुलाने लगेच केली, तिचं रजिस्ट्रेशनही झालंय, त्यामुळे ती काळजी नको. पोरगी गुणी आहे. मी नको म्हटलं तरी स्वतःचं ताट स्वतः घासते, आमटीभात आवडीने खाते, तिखट तेवढं कमी लागतं. पण घरचा विषय निघाला की गप्प होते.

मधे तिकडचं इंटरनेट बंद झालं होतं तेव्हा रात्री दोन-अडीचला पाणी प्यायला उठले तर ही हॉलमध्ये अंधारात, चार्जरची वायर पुरत नाही म्हणून फरशीवर भिंतीला टेकून बसलेली, फोन समोर धरून. आईला पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक. मी काय बोलणार, चहा ठेवला आणि शेजारी बसले.

आता मार्चमध्ये त्यांचा नवरोज येतोय, आपल्या पाडव्याच्या आसपासच. मी विचारलं, तुम्ही काय काय करता गं, तर म्हणाली काही नाही आँटी, इकडे एकटीने काय करणार. ते ऐकून पोटात तुटलं. माझी स्वतःची मुलगी बाहेरदेशी आहे, तिला कुणी दिवाळीला फराळाचं ताट दिलं की मला इथे बसून किती बरं वाटतं ते मलाच माहीत. तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे घरात नक्की काय मांडायचं, काय रांधायचं, सामान कुठे मिळेल. आणि दुसरं, मुंबईत तिची माणसं कुठे भेटतील? सासरे गिरगावात इराण्याकडे रोज सकाळी ब्रून मस्का खायला जायचे, ते इराणी हिचेच ना? मग तिला तिथे घेऊन गेले तर ओळखी होतील का? आणि पारशांचं नवं वर्ष तर ऑगस्टमध्ये असतं, मग हे मार्चचं काय? सगळा गोंधळ झालाय डोक्यात.

फोर्टातला जुना

काकू, सामानाचं इतर कुणी सांगेल, मी दुसऱ्या प्रश्नाचं लिहितो. माझी नोकरीची सगळी वर्षं बॅलार्ड इस्टेटला गेली आणि दुपारचं जेवण बऱ्याचदा इराण्याकडे, त्यामुळे या मंडळींबद्दल मला फार आपुलकी आहे.

इराण्याच्या हॉटेलातले इराणी आणि तुमची मुलगी एकाच मुलखातले, बहुतेक एकाच प्रांतातले म्हणा ना, कारण मुंबईचे बरेचसे हॉटेलवाले इराणी यझद आणि कर्मान या भागांतल्या खेड्यांमधूनच आलेत. पण ते निघाले कधी आणि का, हे वेगळं आहे. पारशी आले हजारेक वर्षांपूर्वी, संजाणला उतरले, गुजराती झाले. हे इराणी त्यांच्याच झरथुष्ट्री धर्माचे, पण ते मागे राहिले आणि तिकडे फार हाल सोसले त्यांनी. जिझिया भरायचा, घोड्यावर बसायचं नाही, रंगीत कपडे घालायचे नाहीत, घर उंच बांधायचं नाही. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया नावाचा माणूस तिकडे पाठवला, त्याने शाहच्या दरबारात वर्षानुवर्षं खेटे घातले, आणि शेवटी १८८२ मध्ये जिझिया रद्द झाला. म्हणजे अठ्ठावीस वर्षं एक माणूस एका कामाच्या मागे लागला होता! मधे १८७०-७२ चा भयानक दुष्काळ पडला तो वेगळाच. तेव्हापासून ते विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत ही माणसं थोडी थोडी करत येत राहिली, वाळवंट ओलांडून बंदर अब्बासला यायचं आणि तिथून जहाजाने मुंबई.

इथे आल्यावर त्यांनी एकमेकांना कसं धरून ठेवलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नवा माणूस उतरला की आधी आलेल्या इराण्याच्या हॉटेलात नाहीतर बेकरीत कामाला लागायचा, झोपायचा तिथेच, जेवायचा तिथेच, आणि गाठीला पैसे साठले की दोघातिघांनी भागीदारीत नवं दुकान टाकायचं. नाक्यावरची जागा इतर व्यापारी अशुभ म्हणून घ्यायचे नाहीत असं सांगतात, ह्यांनी ती घेतली आणि त्यामुळे दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक मिळालं. क्यानी १९०४ चं, ससानियन १९१३, ग्रँट रोडचं मेरवान १९१४, ब्रिटानिया १९२३, मिलिटरी कॅफे १९३३. कामगारापासून वकिलापर्यंत कुणीही त्याच संगमरवरी टेबलाला बसायचं, कुणाला जात विचारली नाही की धर्म विचारला नाही, आणि एका चहावर तासभर बसलं तरी कुणी उठवलं नाही. या शहरात एकमेकांच्या शेजारी बसून खायची सवय लावण्यात इराण्यांचा वाटा खूप मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

तर काकू, ती माणसं पणजोबांच्या काळातली आलेली, आता पूर्ण मुंबईकर. तुमची मुलगी बहुधा मुसलमान घरातली असणार, आजच्या इराणमधली. हॉटेलात नेलंत तर गल्ल्यावरचे काका प्रेमाने बोलतील, पण तिच्या आईची आठवण तिथे भागणार नाही. तरी न्याच तिला. फोर्टात चालत फिरवा, यझदानी बेकरीची पाटी तिची तिला वाचू दे, यझदहून इतक्या लांब आपल्या गावाच्या नावासारखं नाव भिंतीवर बघून काय वाटतं ते तीच सांगेल. आणि ब्रिटानियात बेरी पुलाव मागवा, फक्त दुपारी उघडं असतं. त्यातली ती लाल आंबट बेरी म्हणजे त्यांची झरिश्क, तिच्या घरी भातात पडत असणारच. बोमन कोहिनूर तिथे टेबलाटेबलाशी येऊन स्वतः ऑर्डर घ्यायचे, २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी गेले. हा पुलाव त्यांच्या पत्नीने इराणमध्ये नोकरीला असताना तिकडचा पदार्थ खाल्ला आणि इथे आल्यावर आपल्या मसाल्यात बसवला.

अजून एक, यझदमध्ये मोठं अग्निमंदिर आहे ते १९३४ मध्ये भारतातल्या पारशांच्या पैशाने बांधलंय. तिने ते शंभर वेळा पाहिलं असेल. तिला सांगा की त्याचे पैसे इथून गेले होते.

मार्चचं नवरोज

पारशांचं मुख्य नवं वर्ष ऑगस्टमध्ये कारण त्यांचं कॅलेंडर लीप इयर न धरल्यामुळे सरकत गेलं. २१ मार्चचा तो जमशेदी नवरोज, तोही पारशी-इराणी लोक करतातच. त्यामुळे काकू त्या दिवशी तुमच्या ओळखीत कुणी पारशी शेजारी असतील तर त्यांच्या दारातही रांगोळी दिसेल. एवढंच.

नळबाजारकर

काकू, डोंगरीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मुंबईत मुसलमान इराणीही जुने आहेत. आमच्या इथून चालत दहा मिनिटांवर इमामवाड्याला मुघल मशीद आहे, लोक मुघल म्हणतात पण मुघलांचा काही संबंध नाही, ती इराणी मशीद. शिराझचे हाजी मोहम्मद हुसेन शिराझी नावाचे व्यापारी होते त्यांनी १८६० मध्ये बांधली. घुमट नाही, दोन मनोरे, मधे पाण्याचा हौज आणि समोरची सगळी भिंत निळ्या फरश्यांची, उन्हात पाहिली तर नजर हटत नाही. आजूबाजूच्या बिल्डिंगांमध्ये अजून काही इराणी घरं आहेत, मोहरममध्ये तर फारसीत नौहे म्हणजे शोकगीतं ऐकू येतात. त्या काळी घोडे, गालिचे, सुका मेवा यांचा व्यापार होता, मुंबई आणि इराणची बंदरं म्हणजे येणंजाणं सारखं. खोजांचे धर्मगुरू आगाखानही १८४० च्या दशकात इराण सोडून मुंबईत आले, माझगावला त्यांचा हसनाबादचा मकबरा आहे.

एक विनंती मात्र मनापासून करतो. तिला सरप्राइज म्हणून मशिदीत घेऊन जाऊ नका, आधी विचारा. आमच्या दुकानात इराणी गिऱ्हाईक येतं, विद्यार्थी येतात, त्यांच्यात मी दोन्ही प्रकार पाहिलेत. एकाला मशिदीचं दार दिसलं की डोळ्यात पाणी येतं, आणि दुसरीला डोक्यावर ओढणी घे म्हटलं की तिथेच मन उतरतं, कारण ती घरून निघाली त्यामागे तेच एक कारण असू शकतं. २०२२ मध्ये हिजाब नीट नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली त्यानंतर तर फारच. ती काय मानते ते तिला ठरवू दे. कुणाचंच मन दुखवायला नको.

सामान: केशर, पिस्ते, ममरा बदाम, झरिश्क आमच्या भागात सुक्या मेव्याच्या दुकानांत मिळतं. सुमाक म्हणजे तो लाल आंबट मसाला, तो पण मिळेल, अरबी मसाले ठेवणाऱ्याकडे विचारा.

टोरांटोहून परत

मी मुलुंडची, मधली बरीच वर्षं टोरांटोत नॉर्थ यॉर्कला होते, तिथे यंग स्ट्रीटवर उत्तरेकडे चालत गेलं की पाट्याच पाट्या फारसीत. आमची खालची शेजारीण इराणी होती त्यामुळे नवरोज मी अगदी जवळून पाहिलाय. लिहून घ्या काकू.

टेबलावर हफ्त-सीन मांडतात, म्हणजे त्यांच्या 'सीन' अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू. सब्झे म्हणजे उगवलेले गहू किंवा मसूर, आपण घटाभोवती धान पेरतो ना तस्संच, पण ताटलीत, आणि त्याला लाल रिबन बांधतात. ते बारा-पंधरा दिवस आधी पेरायला लागतं त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यात ताटली भिजवाच. मग सफरचंद, लसूण, व्हिनेगर, सुमाक, सेंजेद म्हणून एक वाळकं फळ असतं ते, आणि समनू. सेंजेद इथे मिळेल का शंका आहे, नाही मिळालं तर नाण्यांची वाटी ठेवा, तेही सातात चालतं. समनू म्हणजे मोड आलेल्या गव्हाचा रस काढून कणकेबरोबर तासन्‌तास आटवतात, साखर अजिबात नाही, गव्हाचीच गोडी. कुरडयांसाठी चीक काढणाऱ्या बाईला हे अवघड नाही. बाकी आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी, आणि एखादं पुस्तक, कुणी कुराण ठेवतं, कुणी हाफिजचं काव्य. कुठलं ते तिलाच ठरवू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ! त्यांचं वर्ष रात्री बाराला बदलत नाही. सूर्य विषुववृत्तावर येतो तो नेमका क्षण असतो, २० किंवा २१ मार्चला, दरवर्षी वेळ वेगळी, कधी पहाटे तीनला तर कधी भरदुपारी. आणि जगात जिथे जिथे इराणी आहेत तिथे सगळे त्याच क्षणी टेबलाभोवती बसतात. आमच्या शेजारणीकडे लॅपटॉपवर लॉस एंजेलिसची बहीण, हॅम्बर्गचा भाऊ आणि तेहरानची आई, चार ठिकाणी चार वेळा घड्याळात पण सेकंद एकच, सगळे एकदम ओरडायचे आणि रडायचे. तेहरानपेक्षा आपण दोन तास पुढे आहोत, तेवढं बघून तिच्या घरच्यांशी व्हिडिओ कॉल लागेल अशी सोय करा. वायफायचं आधीच बघून ठेवा आणि चार्जरला लांब वायर घ्या. बाकी काहीच जमलं नाही तरी चालेल.

आणि नळबाजारकरांनी लिहिलंय ते शंभर टक्के. बाहेरच्या इराण्यांना आपण एका माळेत ओवतो, ते तसे नाहीत. १९७९ ला राज्यक्रांती झाली तेव्हा पळालेले वेगळे, मग ८० ते ८८ इराकशी युद्ध चाललं तेव्हा मुलं लष्करात जाऊ नयेत म्हणून आईबापांनी बाहेर काढलेली वेगळी, आणि आता डिग्री घेऊन निघालेले तरुण वेगळे. शाहला मानणारे, डावे, बहाई, ज्यू, आर्मेनियन, सगळ्यांच्या जखमा वेगवेगळ्या. लॉस एंजेलिसला वेस्टवुडमध्ये एका रस्त्यावर दुकानं आहेत पण एकाच लग्नात कोण कुणाशेजारी बसणार यावरून शेजारणीची बहीण आठवडाभर डोकं धरून बसली होती. दोन इराणी भेटवले की मैत्री होईल असं नाही, पहिल्या पाच मिनिटांत ते एकमेकांचा अंदाज घेतात, कधी निघालास, कसा निघालास, परत जाऊ शकतोस का.

पण एकदा मी त्यांना सगळ्यांना एकत्र पाहिलंय. जानेवारी २०२० मध्ये तेहरानहून निघालेलं युक्रेनचं विमान पाडलं, १७६ माणसं गेली, त्यात खूपजण सुट्टी संपवून कॅनडाला परत येणारे विद्यार्थी आणि कुटुंबं होती. नॉर्थ यॉर्कच्या चौकात कडाक्याच्या थंडीत लोक फोटो आणि मेणबत्त्या घेऊन उभे होते. आमच्या शेजारणीच्या मुलाच्या युनिव्हर्सिटीतल्या ओळखीचे होते त्यात. त्या दिवशी कोण कुठल्या बाजूचा हे कुणी विचारलं नाही.

ठाणे-पुणे अप-डाऊन

मी पुण्यात शिकलो, तेव्हा आमच्या वर्गात आणि हॉस्टेलच्या मागच्या सोसायटीत बरेच इराणी होते, त्यामुळे दोन गोष्टी प्रॅक्टिकल सांगतो काकू.

एक, ती ज्याला नको म्हणते ते खरं नको नसतं. त्यांच्यात पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणं म्हणजे उद्धटपणा. दोन-तीनदा आग्रह करा, तिसऱ्यांदा घेईल. आमच्या एका मित्राला आम्ही पहिलं वर्षभर नीट जेवूच घातलं नाही कारण तो नको म्हणायचा आणि आम्ही बरं म्हणून डबा बंद करायचो. तुम्हाला ती काही नाही आँटी म्हणाली ना, ते पहिलं नको आहे, पुन्हा विचारा.

दुसरं पैशाचं. तुम्ही लिहिलं नाही पण लक्ष ठेवा. इराणी बँकांची कार्डं बाहेर चालत नाहीत, निर्बंधांमुळे सरळ ट्रान्सफर होत नाही, घरून पैसे यायचे तर कुणीतरी दुबईतला नातेवाईक, त्याचा मित्र, असं फिरून येतात. दुबईत इराणी खूप आहेत, तिकडच्या जुन्या वस्तीतली ती वारा पकडणाऱ्या मनोऱ्यांची घरं इराणातल्या बस्तक गावच्या व्यापाऱ्यांनी बांधलेली. वरून रियाल घसरत असतो, म्हणजे बापाने महिना सुरू व्हायच्या आधी ठरवलेली रक्कम हातात पडेपर्यंत कमी झालेली असते. आमच्यातल्या एकाने फीच्या वेळी गळ्यातली चेन विकली होती आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यामुळे भाड्याला उशीर झाला तर समजून घ्या, बोलणार नाही ती.

जेवणात नवरोजला मासे आणि हिरवा भात असतो. शेपू, कोथिंबीर, कांद्याची पात, पार्सली मिळाली तर, सगळं बारीक चिरून बासमतीत थर लावून दम द्यायचा. तळाला तेल-तूप जास्त घालून भात किंवा बटाट्याच्या चकत्या मुद्दाम कुरकुरीत होऊ द्यायच्या, तो थर उलटा काढून मधोमध ठेवतात आणि त्यावर भांडणं होतात. आमच्याकडे कुकरमध्ये करून बघितला होता, जमत नाही, जाड बुडाचं पातेलं आणि झाकणाला फडकं गुंडाळायचं. चहा कोरा, काचेच्या ग्लासात, साखरेचा खडा दातात धरून.

वाईट एका गोष्टीचं वाटतं. आमच्यातला एकही इराणी आता पुण्यात नाही. एक जर्मनीत, दोघं कॅनडात, एक ऑस्ट्रेलियात. भारत त्यांच्यासाठी मधलं स्टेशन. त्यामुळे इथे टिकून राहिलेली अशी मंडळंबिंडळं फार उभी राहिली नाहीत, दर दोन-तीन वर्षांनी नवीन मुलं आणि पुन्हा शून्यापासून ओळखी.

पार्ल्याची काकू

अरे बापरे किती छान लिहिलंत सगळ्यांनी. ठाणेकर, तुमचं वाचून मी लगेच उठून तिच्या खोलीत गेले आणि पुन्हा विचारलं, आणि पुन्हा विचारलं. मग बोलली. आजीकडे सगळे जमायचे म्हणे, आजी नव्या कोऱ्या नोटा पुस्तकात घालून ठेवायची आणि वर्ष बदललं की एकेकाला त्यातून काढून द्यायची. तिला हाफिजचं पुस्तक हवंय टेबलावर, कुराण नको म्हणाली, आणि लगेच माझ्याकडे बघितलं मला काय वाटतंय ते. मी म्हटलं तुझं टेबल, तू मांड. मशिदीचंही विचारलं, नळबाजारकर. म्हणाली बाहेरून निळ्या फरश्या बघेन, आत नाही जायचं. ठीक आहे की.

अग्निमंदिराचं सांगितलं तर खुर्चीवरून उठलीच. शाळेत असताना तिथे ट्रिप गेली होती, आणि त्यांच्या गल्लीत एक झरथुष्ट्री शिंपीणबाई होत्या त्यांच्याकडून आई कपडे शिवून घ्यायची. त्यांची मुलं केव्हाच अमेरिकेला गेली म्हणाली, बाई एकट्याच राहिल्यात. इथे त्यांच्यातली कुणी यझदची जुनी माणसं भेटतील का असं तीच विचारत होती. तर आहे का कुणी ओळखीत?

चिकूवाडी डहाणू

आहेत ना काकू, आमच्याकडे या. मी घोलवडचा. डहाणू-घोलवड-बोर्डी पट्ट्यात इराणी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, चिकूच्या वाड्या त्यांच्याच बऱ्याचशा. २०१६ मध्ये इथल्या चिकूला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात या लोकांनी शंभर वर्षं ओतलेला घाम आहे. मुंबईतल्या हॉटेलवाल्यांचेच भाऊबंद, पण ह्यांनी गल्ला न धरता कुदळ धरली. आमच्याशी मराठी बोलतात, बाजारात गुजराती, वाडीवरच्या वारली माणसांशी वारली, आणि घरात म्हातारी मंडळी यझदची जुनी झरथुष्ट्री बोली. तुमच्या मुलीला ती पूर्ण कळेल असं नाही, तेहरानच्या फारसीपेक्षा बरीच वेगळी आहे म्हणतात, पण गावं कळतील. आमच्या शेजारच्या आजी नव्वदीच्या आहेत, इथेच जन्मल्या, यझद कधी पाहिलं नाही, तरी ओटीवर बसून यझदजवळच्या तफ्तच्या डाळिंबांबद्दल असं सांगतात की कालच खाऊन आल्यात. त्यांच्या सासूने सांगितलेलं सगळं. मी आजच त्यांना विचारलं, यझदची एक मुलगी आहे मुंबईत, आणू का. त्यांनी विचारलं कुठल्या मोहल्ल्यातली. मी म्हटलं ते तुम्हीच विचारा. हिंदू की मुसलमान की झरथुष्ट्री असलं काही विचारलं नाही त्यांनी, फक्त म्हणाल्या जेवायला आण, आणि गवतीचहा-पुदिन्याचा चहा पाजूनच पाठवणार.

इराण्यांचं नवरोजनंतर तेराव्या दिवशी घरात बसायचं नाही, बाहेर झाडाखाली जेवायचं असा रिवाज आहे, एप्रिलच्या सुरुवातीला येतो तो दिवस. त्या दिवशी या. उगवलेलं धान वाहत्या पाण्यात सोडतात, तर समुद्र दहा मिनिटांवर आहे. वेळ उरला तर बाहरोटच्या गुहा बघता येतील, मुसलमानी आक्रमणाच्या वेळी संजाणच्या पारशांनी त्यांचा पवित्र अग्नी तिथे डोंगरात बारा वर्षं लपवून सांभाळला अशी परंपरा सांगते. पण चढ आहे काकू, तुम्ही खाली आजींबरोबर बसा.

टोरांटोहून परत

काकू जा नक्की!! आणि तेराव्या दिवशी मुली त्या धानाच्या पात्यांना गाठ मारून मनातली इच्छा मागतात, तेवढा वेळ तिला एकटीला द्या.

पार्ल्याची काकू

ठरलं तर. डहाणूकर, तुमचा नंबर मेसेजमध्ये टाका, इथे उघड नको. आम्ही तिघी येऊ, मी, ती आणि तिच्या कॉलेजातली एक अफगाणी मैत्रीण आहे तिलाही यायचंय, ती पण नवरोज करते म्हणे, चालेल ना आजींना? विरारहून डहाणू लोकल पकडून पुढे रिक्षा करू. रावस मी इथून घेऊन येऊ का तिकडेच ताजा मिळेल? भात तीच करणार आहे, जाड बुडाचं पातेलं मात्र तुमच्याकडचं लागेल, माझं एवढं मोठं नाही.

चिकूवाडी डहाणू

मासे इथे पहाटे बोर्डीच्या किनाऱ्यावर येतात, आणू नका. पातेलं आहे, वीस माणसांचं. अफगाणी मुलगीही येऊ दे, आजींनी मघाशीच विचारलं होतं, एकटीच येतेय का ती.